चिकटलेली पट्टी

विट्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला, म्हणून तो मी स्टँडमागच्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. नवा पंखा बसवायचा तर मदरबोर्डाच्या पाठीला गोंदानं चिकटलेली जुन्या पंख्याची पट्टी आधी काढावी लागणार होती. त्यानं ती अंगठ्यानं चाचपली आणि बोर्ड घेऊन पडद्याआड निघाला.

"इथंच काढा की," मी म्हणालो.

"आत यायचं न्हाई," एवढंच तो बोलला.

चांगला बोर्ड बदलून खराब हातात ठेवणाऱ्यांबद्दल मी ऐकून होतो. आतून हेअर ड्रायरचा आवाज आला, मग कुजबुज. मला राहवलं नाही. मी पडदा सारला.

खाटेवर त्याची बायको बसली होती. कमरेखाली ती अधू असावी. तिनं बोर्ड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि दुरुस्तीवाला तापलेल्या पट्टीखालून नायलॉनचा दोरा ओढत होता. पट्टी अलगद सुटली.

"हिच्यावानी कुणी धरत न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "पर आजारी माणसाच्या हातात मशीन दिलेलं गिऱ्हाइकाला चालत न्हाई."

ती मात्र माझ्याकडंच बघत होती.

"बघून झालं न्हवं?" ती म्हणाली. "मग पडदा लावा."