केबल काढली की न उठणारा बोर्ड

भिवापूरजवळच्या एका शीतगृहात आमचा बोर्ड बसवल्यापासून नागपुरात घरची लाइट गेली तरी मला ते शीतगृहच आठवायचं. तिकडेही गेली असेल का? आणि परत आल्यावर बोर्ड उठला असेल का?

बोर्ड मी आणि माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने मिळून बनवलेला. सर्किट माझं, प्रोग्राम त्याचा. खोलीचं तापमान बघून कम्प्रेसर चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण लाइट गेली आणि परत आली की बोर्डावरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कधी सुरू व्हायची, कधी नाही. नाही झाली की कम्प्रेसर बंद. आत लोकांची लाल मिरची पोत्यांनी भरलेली. खोली तापली तर माल ओल धरणार, रंग जाणार.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आम्ही पुन्हा तिथे पोचलो. मालक दारातच उभे होते.

"आले का डॉक्टर लोक? तुमचा पेशंट तुम्हाले पाहूनच बरा होते. तुम्ही गेले का पुन्हा झोपते."

"आज सोडत नाही त्याले, काका," मेव्हणा म्हणाला.

"नाही जमलं तर उद्या तुमचा डब्बा काढतो अन् जुना थर्मोस्टॅट लावतो. माल लोकांचा आहे गा."

त्यांचं चुकत नव्हतं. मी मीटर लावला. पाच व्होल्टच्या जागी ५.०३, म्हणजे वीज ठीक. मेमरी कार्ड मागच्याच खेपेला बदललं होतं. मग लॅपटॉपची सीरियल केबल जोडली, म्हणजे सुरू होताना बोर्ड काय काय करतो ते पडद्यावर दिसतं. मेन स्विच बंद करून चालू केला. बोर्ड मुकाट्याने उठला. पुन्हा केलं, पुन्हा उठला. केबल काढून केलं, तर बोर्डावरचा लाल दिवा तसाच; लिनक्स सुरू झाली की तो हिरवा होतो. दुखणं बघायला गेलं की दुखणंच नाही.

आमच्या वर्कशॉपात माझा नियम आहे, केबल लावल्याशिवाय कुठल्याही बोर्डाला वीज द्यायची नाही. म्हणजे केबलशिवाय हा बोर्ड आम्ही तिथे कधी चालवूनच पाहिला नव्हता.

केबलीत तीन तारा. एक ग्राउंडची, एक बोर्डाकडून आपल्याकडे येणारी, एक आपल्याकडून बोर्डाकडे जाणारी. म्हटलं, एकेक काढून बघू. आधी बोर्डाकडे जाणारी काढली. स्विच चालू होताच खोलीचे मोठे पंखे घरघरले आणि पडद्यावरच्या ओळी मध्येच थांबल्या.

"भाऊजी, तुम्ही कळ दाबली का?"

"माझे हात बघ."

सुरुवातीचा छोटा प्रोग्राम दोन सेकंद थांबतो. तेवढ्यात लॅपटॉपवर कोणी कळ दाबली तर तो लिनक्स सुरू न करता आपल्या हुकमाची वाट बघत बसतो. कामाच्या सोयीसाठी आम्हीच तो थांबा ठेवला होता. पडद्यावर कचरा अक्षरं उमटली होती. केबल नसली की बोर्डाची ऐकणारी पिन मोकळी लोंबकळते, आणि शेजारून गेलेल्या पंख्यांच्या वायरींतला विजेचा गोंगाट तिला कळ दाबल्यासारखा वाटतो. केबल असली की पिन गप्प.

तिथेच बसून मी त्या पिनेला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावून ती ३.३ व्होल्टला बांधली, म्हणजे ती मोकळी लोंबकळणार नाही. मेव्हण्याने तो थांबाच काढून टाकला. केबलीविना बोर्ड उठला, दरवेळी उठला. मालक मान हलवत म्हणाले, "खरी लाइट जाऊ द्या, मग सांगतो."

परतताना उमरेडला चहाला थांबलो आणि फोन वाजला. मालकांचाच. मेव्हण्याने उचलून स्पीकर लावला.

"लाइट गेली होती. आता आली."

"बोर्ड?"

"हिरवा दिवा आहे. कम्प्रेसर आईकू येऊन राहिला का?"

त्यांनी फोन पुढे धरला. मला पंख्यांचीच घरघर ऐकू आली. पंखे तर लाइट आली की आपोआप फिरतात, त्यावरून कम्प्रेसरचं काहीच कळत नाही.

"आतलं तापमान सांगा."

"सहा पॉइंट आठ."

"फोन ठेवू नका. तिथेच उभे राहा."

"अरे, काहून उभा ठेवता गा मले थंडीत?"

आकडा वर गेला असता तर आमचा डब्बा उद्या निघणार होता. चहावर साय धरली.

"सहा पॉइंट सात," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "सहा पॉइंट पाच."

मेव्हण्याने आणखी दोन चहा सांगितले.