पोटाशी बाटली

पोटावर हात दाबून झनकलालमामा उपकेंद्राच्या ओट्यावर बसले होते. गोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात मी नुकतीच नर्स म्हणून रुजू झाले होते. म्हातारबाबांचं पोट दुखत असेल म्हणून लगबगीनं गोळ्या काढल्या. मामांनी बनियानमधून बोटभर उंचीची काचेची बाटली बाहेर काढून दाखवली आणि परत आत ठेवली.

"दुखत काई नाई बाई. जंतूइले ऊब देऊन राहिलो."

मामा ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि पाणी तपासायचं, हे त्यांचं काम. तपासणीच्या बाटलीत पिवळसर औषध असतं, त्यात विहिरीचं पाणी भरून ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर त्या औषधावर ते पोसतात आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू सोडतात. त्या वायूनं औषधातलं लोह काळं पडतं. बाटली काळी झाली की ते पाणी प्यायचं नाही. बाटल्यांच्या खोक्यावर निकालाची मुदत छापली होती एक दिवस, एक रात्र. पण गारठ्यात जंतूंचं काम मंदावतं, दोन-तीन दिवसही लागतात.

मामा म्हणत, "कागदाले थंडी नाई वाजत, जंतूले वाजते. तो मरत नाई, निजते."

हे शहाणपण त्यांना फार महागात पडलं होतं. आदल्या हिवाळ्यात पंचायतीच्या टिनाच्या खोलीत ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी पिवळीच होती. मामांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, 'पाणी पिण्यास योग्य'. तिसऱ्या दिवशी ती काळी झाली, तोवर सात घरांत हगवण लागली होती. मामांची बायको सुकवंताबाई गोंदियाला नेताना गाडीतच गेली. विहिरीजवळच्या संडासाचा खड्डा झिरपत होता, हे नंतर कळलं. गाव मामांना काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मी आले त्या वर्षीची मंडई तोंडावर होती. गावाची ही वर्षाची जत्रा, घरोघर पाहुणे.

सरपंच म्हणाले, "मामा, लिहून टाका ना योग्य. चोवीस घंटे तो हो गये."

"बाटल बोलली नाई अजून."

"मंग पाहुन्याइले काय पाजाव?"

"बोरिंगचं पाजा."

मामांनी विहिरीच्या मोटरखोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. नळ कोरडे. गावाबाहेरच्या बोरिंगवरून घागरी वाहताना बायका मामांच्या नावानं बोटं मोडत होत्या. खरं सांगायचं तर त्यांत मीही होते.

तिसऱ्या दिवशी बाटली पिवळीच राहिली. चौथ्या दिवशीही. पाणी स्वच्छ होतं. पंधरा दिवसांत पंचायतीनं मामांना घरी बसवलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते अंगणात एकटेच लाखोळीची भाजी निवडत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "किती दिवस स्वतःला खात बसणार मामा? चुकली ती बाटली, तुम्ही नाही."

भाजी निवडणं थांबलं नाही. "तिले फळा वाचता येत नोहता. घागर भरून आनली अन् चुलीजवळून इचारलन, पेऊ का म्हून. मी म्हनलो, पे."

एक किडकं पान बाजूला टाकत म्हणाले, "तिनं बाटलीले नाई इचारलन बाई. मले इचारलन."