पैनगंगेचा उतार

मी भूगोल शिकवते, म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, भगत, भूतबाधा... सगळं आजोबांच्या काळापासून दाराबाहेर. वर्गात कुणी असली गोष्ट काढली की सगळ्यांत आधी मीच हसते. तुम्हीही हसा, पण आधी वाचा.

माझे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यात होते. पैनगंगेची पातळी रोज पट्टीवर वाचून वहीत लिहायची हे त्यांचं काम. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून ही नदी आमच्या मेहकर तालुक्यात येते. कॉलेजसाठी मी तिच्यावर पुस्तिका लिहीत होते आणि अप्पा सांगत होते. अलीकडे त्यांना विसर पडतो. सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही, नदी मात्र वळणावळणानं पाठ!

गावाखालच्या वळणाबद्दल ते म्हणाले, "लिही, इथं उतार हाय."

मी मोबाईलवर नकाशा दाखवला. "अप्पा, सपाट हाय तिथं. उतार कुठं हाय?"

मी लिहून टाकलं – येथे उतार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला हाक मारली तर अप्पा घरात नव्हते. मी नदीकडे पळाले. वरच्या धरणातून सकाळीच पाणी सोडलं होतं. बाभळींपाशी एक मावशी बकऱ्या चारत होत्या.

"अप्पा ना? आताच गेले इकडून. उतारावर पाहा."

मी पुलाकडे धावले, कारण रस्ता तिथंच उतरतो. अर्धा तास पुलावर उभी राहून हाका मारल्या. एक ट्रॅक्टर आणि सायकलवरच्या दोन पोरी, एवढेच पुलावरून गेले. पाण्याकडे बघवत नव्हतं. परत आले तेव्हा मला रडू फुटलं होतं.

"तिकडं काऊन गेल्या वो?" मावशी म्हणाल्या. "तो रस्त्याचा उतार. म्या नदीचा म्हटला. पूल नव्हता तवा लोकं पाण्यात उतरून पल्याड जात, तो."

भूगोलाची बाई मी, आणि हा अर्थ मला माहीत नव्हता.

आम्ही दोघी बाभळी ओलांडून खाली गेलो. पाणी गढूळ, छातीच्याही वर, जबर ओढ असलेलं. आणि पलीकडच्या काठावर, जांभळीखाली – अप्पा! आरामात बसलेले. "हलू नका," असं ओरडत मी पुलावरून वळसा घालून गेले आणि त्यांना मिठी मारली.

"रडतं काऊन? पाणी पाहाले आलतो. गफूरभाई म्हणे, आज पाणी लय हाय, चालू नका. खांद्यावर घेऊन आणलं मले."

गफूरभाई उतारावर लोकांना हात धरून पलीकडे न्यायचे. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना खांद्यावर. पूल होण्याआधीच ते वारले. त्यांच्या मातीला अप्पा स्वतः गेले होते.

विसरलेत बिचारे, म्हणून मी मान डोलावली. मग त्यांच्या बुटांकडे लक्ष गेलं. कॅनव्हासचे बूट, लेससकट कोरडे. पँट कोरडी. फक्त दोन्ही नडग्यांवर एकेक ओला डाग, पंजाएवढा. खांद्यावर बसवलेल्या माणसाचे पाय धरावेत नेमके तिथं. बोटं मोजता येत होती. तेवढ्या उन्हात एव्हाना वाळायला हवे होते ते.

जवळपास दुसरा पूल नाही आणि होता त्यावर मीच उभी होते. कुणी उचलून नेलं असेल म्हणावं, तर तेवढ्या पाण्यात उतरणारा माणूस आमच्या गावात नाही. बरंच डोकं खाजवलं... नाही लागत मेळ. पण खरं सांगते, भीती वाटली नाही. अप्पा हाताला लागले होते. घरी येऊन आम्ही दोघांनी दोन-दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

पुस्तिकेतलं वाक्य बदललं – येथे उतार आहे. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "गफूरभाईचं नाव लिही."

लिहिलं. ते कोणत्या सालापासून उतारावर होते, तेही अप्पांना विचारून लिहिलं. कोणत्या सालापर्यंत, ती जागा कोरी ठेवलीय.