झेंडूचा ताजा हार

आता माझी फजिती ऐकाच! चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही.

आपल्या नाशकात शेतीच्या अवजारांचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहतंय ना, त्याच्या समितीचा मी सचिव. निवृत्त मास्तर, दुसरं काम काय? इमारत सरकारी खर्चानं झाली. आतली दालनं मात्र लोकांच्या देणग्यांतून. कारखानदारांनी दर्शनी दालनं पटापट घेतली. पेरणीच्या जुन्या पाभरींना कोणी वाली मिळेना. त्या बिचाऱ्यांना गोदामात वाळवी खात होती.

शेवटी फूलशेती करणाऱ्या रामदासनं घरी बोलावलं. "सर, ते दालन आमचं. नाव आईचं लावा, सखूबाई."

मी भिंतीकडे पाहिलं. आईचा फोटो आणि त्याला झेंडूचा ताजा हार! आता तुम्हीच सांगा, माणूस काय समजेल? मी डोळे मिटून हात जोडले. रामदासला वाटलं, सर फारच संस्कारी.

उद्घाटनाला मी सगळ्यांना उभं केलं. "दिवंगत देणगीदारांसाठी दोन मिनिटं शांतता!" पहिल्या रांगेतल्या एक आजी तर इतक्या मनोभावे उभ्या होत्या, मला भरून आलं.

मग पडदा सरकला. रामदासची मुलगी मोठ्यानं वाचायला लागली, "कैलासवासी सखूबाई यांच्या स्मरणार्थ..." आणि थांबली.

त्या आजींनी डोळे विस्फारले. "म्हंजे मी माझ्यासाठीच उभी व्हते का?"

माझी बोबडीच वळली. "पण... फोटोला हार होता..."

"फुलांचा धंदा हे आमचा, सर!" रामदास म्हणाला. "पंचवटीत विकून उरलेला हार फेकायचा कशाला? आम्ही बैलाच्या फोटोलाबी घालतो!"

संपलं! देणगी गेली, पाभरी गेल्या. मनातल्या मनात मी राजीनामाही लिहून टाकला.

सखूबाई मात्र पाटीवरून हात फिरवत होत्या. "देणगी मागं नाय घेत मी. पाभरीमागं चालण्यात जल्म गेला माझा. पण मास्तर, जित्या बाईचं नाव कोनी लावील, हे तुमच्या मनातच नाय आलं व्हय?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं. फार लाज वाटली हो. त्याच दिवशी नवी पाटी करायला टाकली.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. तिनं दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर माझ्या एकट्याचं नाव, पदवीसकट.

"आणि ही कधी बदलताय? का माझ्या फोटोला हार पडायची वाट बघताय?"