टीव्हीतल्या गरिबाची भिंत

आम्ही पेंटर लोक. सकाळी ठिय्यावर उभे राहतो. ठिय्या म्हणजे तो चौक, जिथं मजूर जमतात आणि ठेकेदार येऊन हात दाखवून माणसं घेऊन जातो. काम मिळालं नाही तर दहापर्यंत उभ्या उभ्या बोलणं चालतं. बसून बोललेलं माणूस विसरतो, उभं राहून बोललेलं डोक्यातून जात नाही. असं चाळीस वर्षांचं माझ्याकडे साचलं आहे. त्यातलं टीव्हीचं तेवढं सांगतो, कारण मी सिरियल पाहतो हे कळलं की लोक हसतात. पाहतो. डोकं फिरतं, तरी पाहतो.

माणसं सांगून ठेवतो. रामदास पेंटर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. शंकर पेंटर, हात सोन्याचा, तोंडाला झाकण नाही. रामदासची बायको सुशीला एका मेसवर पोळ्या करते. त्यांची एकच पोरगी, प्रणाली. माझ्या घरच्या टीव्हीवर बायकोचा कब्जा आहे, म्हणून साडेसातची सिरियल मी आणि शंकर रामदासच्या घरी पाहतो.

त्या साली प्रणाली बारावी पास झाली होती. वर्ध्याला नर्सिंगला नंबर लागला. फी आणि होस्टेल एक ट्रस्ट देणार होता, पण त्यांचं माणूस घरी येऊन परिस्थिती पाहणार, मग ठरवणार. हो म्हटलं तर पोरगी वर्ध्याला. नाही म्हटलं तर आईसोबत मेसवर. हा घोर रामदासला होता, आणि टीव्ही चालू असतानाही तो जात नव्हता.

*

सिरियलमध्ये एक गरीब घर होतं. बाप मजूर, आई आजारी, मोठी पोरगी हिरोईन. पोरगी रडत होती, आई खोकत होती. शंकर उठला, टीव्हीजवळ गेला आणि पोरीच्या डोक्यामागे बोट टेकवलं.

"हे पाह्य रामदास. हे स्पंजनं मारलं आहे. एकाच हातानं, वरून खाली. हे घाण नाही, हे काम आहे."

सुशीला म्हणाली, "शंकरभाऊ, ते पोट्टी रडून राहिली अन् तुम्ही भिंत पाहून राहिले."

"रडू दे. गरिबाची भिंत मधात मळत नाही वैनी. बटनापाशी मळते. पलंगाच्या उशाशी मळते, डोक्याच्या तेलानं. मधात कायले कोणी हात लावते?"

मी म्हटलं, "त्यांच्यापाशी रंगवणारा माणूस आहे गा. मळवणारा नाही."

तेव्हापासून शंकर सिरियलमध्ये माणसं पाहत नाही. एकदा श्रीमंत सासूनं सुनेला घराबाहेर काढलं. आमच्या गल्लीतल्या बाया दोन दिवस त्याच्यावरच बोलत होत्या. शंकर म्हणाला, "बरं झालं. त्या हॉलची पुट्टी उकलून राहिली होती."

*

टीव्हीतली गरीब बाई अडचण आली की देवापुढे उभी राहते आणि दहा मिनिटं त्याच्याशी भांडते. वारा सुटतो, दिवा फडफडतो, जाहिरात लागते.

रामदासचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही. एका संध्याकाळी असं भांडण चालू असताना सुशीला म्हणाली, "यांचं बरं आहे. आमच्यात देवच नाही. आम्ही भांडावं कोणाशी?"

रामदास म्हणाला, "माझ्याशी."

शंकर म्हणाला, "ते तर रोज चालूच आहे."

*

दुसरं एक. गरिबाची आई टीव्हीत जेवत नाही. "मला भूक नाही," म्हणते, आपली पोळी पोराच्या ताटात टाकते आणि पाणी पिते. आठवड्यातून तीनदा तरी.

रामदासला ते पाहून भरून आलं. तो सुशीलाला म्हणाला, "तू पण अशीच न जेवता राहत असशील वं, आमच्यासाठी."

"मी? मी सकाळी साताले निघते. दोनशे पोळ्या लाटाच्या राहतात. न खाता गेली तर तिसाव्या पोळीवर चक्कर येऊन पडीन. मी तुमच्या सगळ्याईच्या पहिले खाते."

"अन् आमच्यासाठी?"

"उरते ते."

रामदासनं चॅनल बदललं.

*

त्या सिरियलमधला मजूर बाप कामावर जातच नव्हता. सकाळ असो, दुपार असो, घरीच. खाटेवर बसून छताकडे पाहायचा. महिन्यातून एक दिवस गेला आणि त्याच दिवशी वरून पडला. मी म्हटलं, सवय नाही ना त्याला. त्याच्या पडण्यावर चार दिवस काढले. बायको दवाखान्यात धावत आली, केस मोकळे, चप्पल एका पायात.

मीही पडलो आहे. एका बंगल्यावर घोडीवरून, म्हणजे आमच्या शिडीवरून पडलो आणि उजवा हात मोडला. बायको दवाखान्यात आली. दोन्ही चपला पायात होत्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "डब्बा कुठं आहे?"

मी म्हटलं, "हात मोडला माझा."

"ते दिसून राहिलं. डब्बा दिसून नाही राहिला."

स्टीलचा होता, नवा. बंगल्यावरच राहिला, पुन्हा मिळाला नाही. मग दीड महिना तिनं मला भात कालवून भरवला, आणि प्रत्येक घासाला डब्ब्याची आठवण काढली.

*

बेसा भागात एका फ्लॅटचा हॉल रंगवत होतो. मॅडमनं सोफ्यावर प्लास्टिक टाकू दिलं, टीव्हीवर टाकू दिलं नाही. रात्रीचा भाग दुपारी पुन्हा लागतो, तो त्यांना पाहायचा होता. पाहता पाहता रडल्या. डोळे पुसले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मला तुम्हा लोकांचं खरंच कौतुक वाटतं. एवढ्याशा जागेत किती आनंदात राहता."

शंकर वर छताला रोलर मारत होता. मान खाली न करता म्हणाला, "मॅडम, आनंदात नाही. कामावर आहो."

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद झाला. मी शंकरला जिन्यात झापलं. टीव्हीतला गरीब हात जोडून मान हलवतो, म्हणून त्याला चहा मिळतो.

*

एक राग मला कायमचा आहे. टीव्हीत आमच्या बोलीत बोलणारा माणूस आला की समजायचं, हा एक तर भांडे घासणार किंवा धडपडून पडणार. त्याच्या तोंडात "काहून", म्हणजे आमचं "का", टाकलं की मागून हसण्याचा आवाज सोडतात. मालक मात्र शुद्ध बोलतो.

मी हे बोलून दाखवलं तर सुशीला म्हणाली, "आपल्या वस्तीतला वकील तर कोर्टात पण काहून म्हणते."

रामदास म्हणाला, "अन् केस जिंकते."

*

आता प्रणालीचं.

ट्रस्टचा फोन आला. मंगळवारी सकाळी त्यांच्या एक मॅडम घर पाहायला येतील. रामदासची झोप उडाली. मागच्या गल्लीतल्या एका पोराला त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि घर चांगलं दिसलं म्हणून नाही म्हटलं असं लोक सांगत होते. खरं-खोटं लोकांना माहीत.

रामदासचं घर दोन खोल्यांचं, वर टिन. पण पेंटरचं घर. कामावर उरलेला रंग घरी येतो. एक भिंत कोण्या दवाखान्याची हिरवी, एक शाळेची पिवळी, एक बंगल्याची गुलाबी. दरवाज्यासमोरची भिंत तर मखमलीसारखी गुळगुळीत, भारीतली. ती सुशीला ओल्या फडक्यानं पुसते. बाहेरचा माणूस आला की पहिले तीच भिंत दिसते.

"हे भिंत पाहून आपल्याले कोण गरीब म्हणन?" रामदास म्हणाला.

शंकर म्हणाला, "एका दिवसाचं काम आहे. टीव्हीवाल्यापेक्षा चांगलं करून देतो."

"हात तर लावून पहा भिंतीले," सुशीला म्हणाली.

"पोरीच्या चार वर्षांचा सवाल आहे वं, सुशीला."

सुशीलानं भिंतीकडे एकदा पाहिलं. पदर खोचला आणि मेसवर निघून गेली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठा. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "करायचं तर बरोबर करा. मधात नको. बटनापाशी पहिले."

सोमवारी तिघंही ठिय्यावर गेलो नाही. चहाचं पाणी, राख, रंगात मिसळायचा काळा आणि तपकिरी स्टेनर, उशाच्या उंचीवर खोबरेल तेल. शंकरनं पट्टीनं असं खरवडलं की खालचे जुने तीन रंग एकाखाली एक दिसावेत. ओल उतरवली, पोपडे उठवले. मी इतक्या वर्षांत त्याचं एवढं बारीक काम पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिघं दरवाज्यात मागे सरकून उभे राहिलो.

रामदास हळूच म्हणाला, "मस्त झालं बे."

तिथंच आमचं चुकलं होतं, पण ते आम्हाला दिसलं नाही. प्रणाली कॉलेजचे कागद घेऊन आली, भिंतीकडे पाहिलं आणि आत गेली. सुशीला त्या रात्री भिंतीकडे पाठ करून जेवली.

मंगळवारी मॅडम आल्या. साठीच्या, सुती साडी, मास्तरीण असाव्यात. खुर्चीवर बसल्या, भिंत पाहिली आणि पुन्हा उठल्या. चष्मा लावला. भिंतीवरून हात फिरवला.

"अरे वा. रस्टिक फिनिश. माझ्या सुनेला हॉलमध्ये अगदी हेच हवंय, पण असा हात कुठे मिळत नाही. कोणी केलं हे?"

शंकर गाढवानं हात वर केला.

मॅडम हसल्या, बसल्या, पिशवीतून फॉर्म काढला. मला वाचायला वेळ लागतो, पण तेवढं वाचता आलं. "घराची स्थिती" असा रकाना होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. रामदासचा चेहरा पुट्टीसारखा पांढरा झाला होता. तिथं "चांगली" लिहिलं की वर्धा संपलं.

प्रणाली चहा घेऊन आली. कप ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, ते फिनिश नाही. घाण आहे. काल या तिघांनी लावली."

"प्रणाली," रामदास म्हणाला.

"राहू द्या बाबा." मग मॅडमला म्हणाली, "तुम्ही घर पाहायला येणार होते, म्हणून लावली. मी बारा वर्षं परीक्षा देऊन राहिली, मले भीती नाही वाटत. हे तिघं पहिल्यांदा बसले. म्हणून यांनी कॉपी केली."

मॅडमनं विचारलं, "कशावरून?"

"टीव्हीवरून."

मॅडमनं आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. चौथीत मास्तरनं माझ्याकडे असं पाहिलं होतं, त्याच्यानंतर मी शाळेत गेलो नाही. शंकर आपल्या नखातला रंग काढत बसला.

मॅडम सुशीलाला म्हणाल्या, "तुम्हाला हे चाललं?"

"मले कोणी विचारलं?"

मॅडमनं चहा घेतला. सुशीला किती वाजता निघते, किती वाजता येते विचारलं. प्रणालीचे मार्क पाहिले. आतल्या खोलीत जाऊन आल्या. मग पुष्कळ वेळ लिहीत होत्या, फॉर्म मांडीवर असा आडवा धरून की आम्हाला दिसू नये. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सुनेच्या हॉलचं तर नावच काढलं नाही. निघून गेल्या.

सुशीलानं बादली आणून आमच्यासमोर ठेवली. "पुसा आता."

दोन दिवस घासलं. तेल काही निघालं नाही. शेवटी पुट्टी मारून पुन्हा रंग दिला, आमच्या पैशानं.

पुढचे तीन आठवडे रामदास ठिय्यावर उभा राहायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. शंकर समोर आला की दुसरीकडे तोंड फिरवायचा. माझ्याशीही तेच. प्रणाली आईसोबत मेसवर जाऊ लागली होती, दोघी एकाच सायकलवर. सुशीलानं आम्हाला साडेसातला या म्हटलं नाही, आणि आम्हीही गेलो नाही.

मग फोन आला. सही करायला ऑफिसात या. रामदास प्रणालीसोबत गेला, इस्त्रीचा शर्ट घालून. परत आला तो संध्याकाळी आम्हाला दोघांनाही बोलावून घरी घेऊन गेला.

पोरगी वर्ध्याला चालली होती. सुशीलानं पोहे केले होते. खाता खाता प्रणाली मला म्हणाली, "मोठेबाबा, माझाच फॉर्म टेबलावर होता. सही करता करता मी वाचला."

मी विचारलं, "घराचं काय लिहिलं वं त्या बाईनं?"

प्रणालीनं शंकरकडे पाहिलं, आणि वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, "घर स्वच्छ आहे. एक भिंत सोडून."