धाकूच्या गाडीचे दोन जादा पाटे

मुळगावच्या धाकूने जुन्या अँबेसेडरवर आयुष्यभर भाडी मारली. गेल्या वर्षी त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या, पाठीची शस्त्रक्रिया झाली. व्यायामासाठी तिला दर बुधवारी नि शुक्रवारी म्हापशाला न्यावे लागे. गाडी इतकी आदळे की एक दिवस तिने सांगून टाकले, "मी परत हिच्यात बसायची नाय. भंगारात घाला."

मागच्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, एक पाटा तुटला होता. धाकूने अख्खी कमान सोडवली आणि नमुना म्हणून डिचोलीला संजनाच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नेली. दुसरे टोक धरायला त्याच्या नाटकमंडळीतला मी होतो.

संजनाने पाटे मोजले. "धाकूकाका, अशी कमान मिळायची नाय. दोन पाटे जादा आहेत."

"कंपनीचेच ते! गाडी माझी काय तुझी?"

धाकूचा प्रवेश रंगला होता, पण खरे काय ते मला आठवले. जत्रांच्या दिवसांत आमच्या नाटकाच्या पेट्या नि पडदे ही गाडी पेडण्यापर्यंत नेत असे. मागची बाजू टेकू लागली, तेव्हा धाकूनेच दोन पाटे वाढवले होते. मी तसे सांगितले.

"ओझ्यासाठी घातलेले हे," संजना म्हणाली. "नुसता माणूस बसला तर आदळणारच."

धाकूने मूळच्या मापाच्या कमानी बसवल्या आणि शेवंतीला सगळे सांगितले. बुधवारी ती कुरकुरत गाडीत बसली. अस्नोडा आला तरी गाडी एकदाही आदळली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मला नाटकाची पेटी समजून फिरवलंत!"

धाकूने हळूच विचारले, "शुक्रवारी रिक्षा सांगू?"

"रिक्षा कित्याक? हीच काढा."