सलीमचा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

शनिवार, दुपार, उसाचा हंगाम. अपघात विभागात हजर: मी – इन्चार्ज सिस्टर; डॉ. निखिल – सर्जरीचे निवासी डॉक्टर. नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी. बाकी सगळे जखमी – न्हावऱ्याजवळ कंपनीची बस उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती.

आमचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. शिरूर-दौंड भागातले मोठे अपघात शेवटी आमच्याच दारात येतात. मी शिरूरची, त्यामुळे स्ट्रेचरवर ओळखीचा चेहरा दिसणं नवीन नव्हतं. त्या दिवशी दिसले आप्पा, माझे चुलत सासरे, इनामगावचे. बसला हात दाखवून वाटेत चढलेले. मनगट मोडलं होतं, कपाळ खरचटलं होतं म्हणून डोक्याचा स्कॅन त्यांचाही करायचा होता, आवाज मात्र खणखणीत.

सासरी आप्पांना नाही म्हणायची पद्धत नाही. वाटणी असो, सोयरीक असो, शब्द त्यांचा. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची सून हाय हितं मोठी सिस्टर. बघू, घरच्या माणसाला वळखती का न्हाई." विद्यार्थिनी हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य मला टोचलं – उद्या हेच गावभर होणार, हे मला ठाऊक होतं.

शेजारच्या खाटेवर सलीम. दौंडचा, रांजणगावात वेल्डर. एकदा उलटी झालेली, डोकं ठणकत होतं, बोलता बोलता डोळे मिटत होते. डॉ. निखिल ड्रायव्हरच्या छातीत नळी घालत होते. हात अडकलेले, म्हणून मान वळवून म्हणाले, "सिस्टर, सलीमचा स्कॅन आधी." गर्दीत अशा तोंडी ऑर्डरी पाळायच्या आणि नंतर लिहायच्या, हे आमच्याकडे चालतं. मी मान हलवली.

आणि मग मी काय केलं? सलीमलाच विचारलं. पिठाच्या गिरणीत डबा पुढे सरकवताना विचारावं, तसं. म्हटलं, दादा, हे वयस्कर आहेत, यांना आधी जाऊ दिलं तर चालेल का?

"चालंल की ताई," तो म्हणाला. "म्हातारं माणूस हाय, जाऊ द्या. मला कुठं आता शिफ्ट गाठायचीय?"

या होकारावर मी कितीतरी वर्षं काढली. तो हो म्हणाला होता ना? पण डोक्यात रक्त साचत असलेल्या माणसाच्या होकाराला काय अर्थ? त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ओरडणारा थांबू शकतो, पेंगणारा नाही – दर वर्षी नव्या मुलींना हे मीच शिकवते.

आप्पांचा स्कॅन स्वच्छ निघाला. ते बाहेर येईपर्यंत सलीम हाकेला ओ देईनासा झाला होता. ऑपरेशन झालं, वाचला. पण उजव्या हातात आता वेल्डिंगचा होल्डर धरवत नाही.

एवढंच असतं, तर मी कदाचित केव्हाच कुणाजवळ तरी बोलले असते. पुढचं अवघड आहे.

चौकशी बसली. स्कॅनला उशीर का झाला? आत जाण्याआधी डॉ. निखिल मला ड्रेसिंग रूमच्या दारात भेटले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "सिस्टर, मी सांगितलं होतं ना – सलीमचा आधी?"

फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "तुम्ही ड्रायव्हरकडे होतात. तसं काही बोलला नाहीत."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. "मग मनातल्या मनातच म्हणालो असेन," असं पुटपुटले, आणि आत जाऊन तेच सांगितलं. त्यांची टर्म वाढली, परीक्षा लांबली. ते भरून निघालं असेल. पण जे केलं होतं ते केलंच नाही, असं मी त्यांना पटवलं – ते कशानं भरून निघतं?

आप्पा गेले तेव्हा दहाव्याला लोक म्हणत होते, सुनेनं तेव्हा जीव वाचवला होता त्यांचा. मी पानं वाढत होते. वाढत राहिले.

डॉ. निखिल आता दौंडच्या एका हॉस्पिटलात अपघात विभाग सांभाळतात. मी शिकवलेल्या मुली तिथे लागल्या आहेत. त्या कौतुकानं सांगतात – सर प्रत्येक ऑर्डर आमच्याकडून परत म्हणवून घेतात, आणि तरीही थोड्या वेळानं येऊन विचारतात, मी बोललो ना? किती काळजी घेतात, म्हणतात. सलीम त्याच गावात, भावाच्या दुकानात बसतो म्हणे.

मी कामं मागे ठेवणारी बाई नाही. घरात, वॉर्डात, कुणालाही विचारा. गेल्या रविवारी एसटीनं दौंडला गेले. सलीमच्या भावाच्या दुकानासमोरून थेट पुढे निघून गेले. हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबले. ओपीडी बंद दिसली. म्हटलं, आज रविवार, परत कधीतरी – आणि वळले.

अपघात विभाग रविवारी बंद नसतो. डॉक्टर आतच होते. त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.